फुर्रकाकांचा तो एक घोट

वाऱ्याने दार आपटू नये म्हणून त्याला टेकून जे काळं धूड बसलंय ना, ते मी. जरा वाकून बघा मित्रांनो, दगड नाही मी. मी एक जुनी कोळशाची इस्त्री आहे. पोटात निखारे घेऊन जन्मभर लोकांच्या कपड्यांवरून फिरले आणि आता इथे बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपला बघते. माझा स्वभाव पहिल्यापासून तापट. बोलता बोलता चिडले तर मनावर घेऊ नका.

माझा जन्म लोखंड ओतण्याच्या कारखान्यात झाला. लालभडक वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतलं, ते थंड झालं आणि मी बाहेर आले. तेव्हा मी इतकी खडबडीत होते की माझ्याने एक रुमालसुद्धा सरळ झाला नसता. मग एका ओताऱ्याने माझा तळ घासून घासून असा गुळगुळीत केला की त्यात त्याला स्वतःच्या मिश्या दिसायला लागल्या. तो खूश होऊन मिश्या पिळत बसला. दुसऱ्याने लाकडी मूठ बसवली. तिसऱ्याने झाकणाच्या कडीवर पितळेचा एक छोटा कोंबडा बसवला. हा कोंबडा धरूनच झाकण उघडायचं, म्हणजे हात भाजत नाही. आता तो काळवंडलाय, पण तेव्हा काय चमकायचा म्हणून सांगू.

तिथून मी आले ती थेट काकांच्या दुकानात. काका तेव्हा तरुण होते आणि दुकानही नवं होतं. दुकान म्हणजे रस्त्याकडे उघडणारी एकच खोली. पुढे लांब टेबल, त्यावर दुमडलेलं घोंगडं, त्यावर पांढरी चादर. डोक्यावर दोरी, दोरीला हँगर. मागच्या कोपऱ्यात एक चूल. कपडे कडक राहावेत म्हणून तिच्यावर काकू खळ शिजवायच्या. आणि बाहेर एक छोटा ओटा, जिथे सकाळी बसून काका माझ्या पोटात कोळसे भरायचे आणि मला वारा घालायचे.

काकांना सगळी गल्ली फुर्रकाका म्हणायची. का, ते सांगते. इस्त्री फिरवण्याआधी कपड्यावर पाणी शिंपडावं लागतं. कोणी हाताने शिंपडतं, कोणी फवाऱ्याच्या बाटलीने. काका जुन्या वळणाचे. ते तोंडात पाण्याचा घोट घ्यायचे, गाल फुगवायचे आणि फुर्र करून असा फवारा सोडायचे की पाण्याचा थेंब म्हणून दिसायचा नाही. नुसतं धुकं. ते धुकं कापडावर सारखं पसरायचं आणि मागोमाग मी चर्र करत निघायचे. शाळा सुटली की मुलं टेबलासमोर उभी राहायची. "काका, एकदाच फुर्र." आणि काका एकदा म्हणता म्हणता पाच-सहा वेळा करायचे. पाठमोऱ्या काकू चुलीपाशी पुटपुटायच्या, "झालं. आज सदरे राहिले आणि पोरंच ओली झाली."

काकांचा एक नियम होता. गिऱ्हाईकाच्या कपड्यावर चुकीचा एक थेंब पडता कामा नये. शिंक आली तर ते मान वळवून, टेबलापासून लांब जाऊन शिंकायचे. खोकला आला तर तोंडातलं पाणी गिळून टाकायचे, पण कपड्यावर सांडू द्यायचे नाहीत. इतकी वर्षं मी त्यांच्या हातात होते, एकदाही हा नियम मोडलेला मी पाहिला नाही. मला त्याचं फार कौतुक होतं. हाच नियम एक दिवस त्यांच्या जिवावर उठणार आहे, हे मला काय ठाऊक?

आता काकूंबद्दल. काकूंचं तोंड सकाळी खळीच्या पातेल्याबरोबर उकळायला लागायचं ते दुकान बंद होईपर्यंत. त्यांचं सगळ्यात आवडतं वाक्य होतं, "सांगितलं होतं ना मी." कोळसा ओला निघाला, सांगितलं होतं ना. बटण तुटलं, सांगितलं होतं ना. खरं सांगायचं तर मला त्यांचा कंटाळा यायचा. मला वाटायचं, ह्या बाईला बोलण्यापलीकडे काही येतं की नाही कोण जाणे.

कपड्यांवर कधी ग्रीसचे, कधी डांबराचे डाग असतात. ते काढायला काका निलगिरीचं तेल आणायचे. त्याचा डबा मोठा. त्यातून ओतायला गेलं की भसकन सांडायचं. म्हणून काकांनी थोडं तेल पाण्याच्या एका रिकाम्या बाटलीत काढून ठेवलं. हे तेल दिसायला अगदी पाण्यासारखं.

काकू म्हणाल्या, "अहो, पाण्याच्या बाटलीत तेल कोणी ठेवतं का? निदान वरती काही लिहा तरी."

"अगं, गल्लीच्या टोकापर्यंत वास जातो त्याचा. लिहायचं कशाला?" काका म्हणाले.

वर आणखी एक गंमत केली त्यांनी. हे तेल चिकटवलेले कागद कसे सहज सोडवतं ते गिऱ्हाइकांना दाखवायला त्यांनी डब्यावरचाच कागद त्याच तेलाने अलगद सोलून काढला. लोक वा वा म्हणाले. काकूंनी मात्र तो कागद जमिनीवरून उचलला, वाळवला, वाचला आणि मागच्या भिंतीवर खळ लावून चिकटवून टाकला. काका हसून म्हणाले, "भिंतीला तेल पाजायचा विचार आहे का?" काकू खळीचं पातेलं ढवळायला निघून गेल्या.

तो दिवस मला लख्ख आठवतो. दुपारची वेळ होती. बँडवाल्यांचे पांढरे कोट आले होते. संध्याकाळी त्यांचा कार्यक्रम होता आणि त्यांच्यातला क्लॅरिनेट वाजवणारा स्वतः स्टुलावर बसून कोट तयार होण्याची वाट बघत होता. काकांना सडकून सर्दी झाली होती. नाक असं चोंदलेलं की समोर चिवडा तळला असता तरी कळलं नसतं. एका कोटाच्या कॉलरवर तेलकट डाग होता. काकांनी निलगिरीच्या तेलाने तो काढला आणि गप्पांच्या नादात बाटली डाव्या हाताला ठेवली. तिथे नेहमी पाण्याची बाटली असते.

मग त्यांनी कोट पसरला. मी बाजूला माझ्या लोखंडी बैठकीवर लाल होऊन बसले होते. काकांचा डावा हात न बघता बाटलीकडे गेला. इतकी वर्षं तो तसाच जायचा. त्यांनी घोट घेतला, गाल फुगवले, आणि त्यांचे डोळे एकदम मोठे झाले.

मित्रांनो, तोंडात आग पेटल्यावर तुम्ही-आम्ही काय करू? समोर थुंकून मोकळे होऊ. पण समोर गिऱ्हाइकाचा पांढरा कोट होता आणि शेजारी पोटात निखारे घेतलेली मी. ते तेल माझ्यावर उडालं असतं तर भडका झाला असता. काकांनी ओठ घट्ट मिटले. मान वळवली. मागच्या बादलीपर्यंत पोचेतो निम्मंअर्धं घशाखाली गेलं होतं. उरलेलं त्यांनी बादलीत थुंकलं. कोटावर एक थेंब पडला नाही.

"काही नाही, काही नाही," काका हात हलवत म्हणाले आणि डोळे पुसत पुन्हा माझ्याकडे यायला लागले. म्हणे उरलेला कोट करून टाकतो.

काकू चुलीपाशून आल्या. त्यांनी बाटली पाहिली, वास घेतला, काकांच्या तोंडाकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, आता ऐका. आता ते वाक्य येणार. पण काकूंनी ते उच्चारलं नाही. त्यांनी काकांना दंडाला धरून स्टुलावर बसवलं, हातात साधं पाणी दिलं आणि म्हणाल्या, "चूळ भरा. गिळू नका. थुंका. पुन्हा भरा." मग क्लॅरिनेटवाल्याला म्हणाल्या, "दादा, ती इस्त्री आधी बाहेर ओट्यावर ठेवा. हिच्याजवळ हे तेल नको." एरवी मला कोणी असं हाकललं असतं तर मी पेटून उठले असते. पण त्या दिवशी वाटलं, बाईचं डोकं ठिकाणावर आहे. ओट्यावरून मला आतलं सगळं दिसत होतं.

एवढ्यात समोरच्या दुकानातून हे सगळं पाहून शिंपीभाऊजी धावत आले. मोठ्या मनाचा माणूस आणि आवाजही तसाच मोठा. गळ्यात मोजायची टेप आणि हातात पेला. "मीठ-पाणी आणलंय. घटाघट पाजा. उलटी झाली की माणूस मोकळा. अहो वहिनी, बघता काय?"

काकू त्यांच्या आणि काकांच्या मधे उभ्या राहिल्या.

"भाऊजी, तो पेला खाली ठेवा."

"वेळ घालवू नका, पोटात विष आहे त्याच्या."

"म्हणूनच सांगते. उलटी नाही काढायची. त्या भिंतीवर लिहिलंय. वाचा."

भिंतीवर खळीने चिकटवलेला तो कागद तसाच होता. गिळल्यास उलटी करवू नये, विषबाधा केंद्राला ताबडतोब फोन करावा, आणि खाली केंद्राचा नंबर. क्लॅरिनेटवाल्याने तो मोठ्याने वाचला आणि वाचता वाचताच फोन लावला. आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा फोन त्याने टेबलावर ठेवला, कोटाच्या शेजारी.

पलीकडून एका बाईंचा आवाज आला. शांत, पण एकही शब्द फुकट न घालवणारा. कोणतं तेल? साधारण किती? कधी? वय काय? शुद्धीवर आहेत का? खोकला येतोय का? पत्ता काय? काकू एकेका प्रश्नाला नेमकं उत्तर देत गेल्या. किती गेलं, यावर काका बोटाने चिमूटभर दाखवायला लागले. काकूंनी त्यांचा हात खाली केला. "ह्यांच्या गालांत किती पाणी मावतं ते मी रोज बघते. त्यातलं अर्धं तरी गेलंय. मोठा घोट धरा," त्या फोनला म्हणाल्या.

फोनवरच्या बाई म्हणाल्या, "बरं केलंत उलटी काढली नाहीत. हे तेल वर येताना श्वासात गेलं तर फुप्फुसांना मोठा धोका असतो. खायला-प्यायला काही देऊ नका. मी अँब्युलन्स पाठवते. आत्ता बरे दिसले तरी गाफील राहू नका. गुंगी येऊ शकते, झटके येऊ शकतात. गुंगी आली तर कुशीवर वळवा, उताणं ठेवू नका. तेलाची बाटली आणि डबा सोबत द्या. आणि फोन ठेवू नका, मी आहे."

"दूध तरी द्यावं का थोडं?" शिंपीभाऊजींनी हळूच विचारलं.

"काहीही नाही," फोन म्हणाला.

भाऊजींचा चेहरा एवढासा झाला. काकूंना ते दिसलं. त्या म्हणाल्या, "भाऊजी, आपली गल्ली अँब्युलन्सला सापडत नाही. तुम्ही कोपऱ्यावर उभे राहा. तुमचा आवाज आज कामाचा आहे." आणि काय सांगू मित्रांनो, तो माणूस जो पळाला! चौकाच्या मधोमध उभं राहून गळ्यातली टेप झेंड्यासारखी हलवत त्याने रिक्षा थांबवल्या, टेम्पो मागे घ्यायला लावला आणि गल्लीचं तोंड मोकळं केलं. त्यांचं ओरडणं मला ओट्यावर ऐकू येत होतं. त्या दिवसापासून मी त्यांच्या आवाजाला नावं ठेवणं सोडलं.

आत मात्र काका बदलायला लागले होते. आधी जीभ जड झाली. मग डोळे मिटायला लागले. उठून उभं राहायला गेले तर पाय लटपटले. आयुष्यभर ज्यांना "जरा गप्प बसा हो" म्हणून ऐकवलं, त्यांनाच काकू सांगत होत्या, "बोला. बोलत राहा माझ्याशी. पहिल्यांदा कोणाचा सदरा केलात ते सांगा."

"सदरा... नव्हे," काका कसंबसं म्हणाले, "तुझी... साडी होती."

काकूंचा आवाज तेव्हा हलला. तेवढा एकदाच. मग काकांची मान कलली आणि काकू म्हणाल्या, "आडवं करू या. कुशीवर. डोक्याखाली काहीतरी द्या."

क्लॅरिनेटवाल्याने टेबलावरचा कोट खसकन ओढला. तोच, ज्याच्यासाठी काकांनी तोंड मिटून घेतलं होतं. त्याने तो चुरगळून काकांच्या डोक्याखाली घातला. उरलेले कोट जमिनीवर पसरले, पाठीला टेकू दिला. "अहो, तुमचे कोट," काकू म्हणाल्या. "कोट गेले खड्ड्यात," तो म्हणाला. मला वाटलं, काका शुद्धीवर असते तर ह्या वाक्याने रागावले असते. आणि मला, तापट म्हणून मिरवणाऱ्या मला, रडू आलं. इस्त्रीला रडता येत नाही, हा भाग वेगळा.

काकू काकांच्या छातीवर हात ठेवून बसल्या होत्या. श्वास चालतोय, असं त्या मधून मधून फोनला सांगत होत्या. नुसतं तेवढंच. ना आरडाओरडा, ना कोणावर राग, ना स्वतःच्या कपाळावर हात. मी इतकी वर्षं त्यांच्या बडबडीला कंटाळले होते, पण त्या बडबडीखाली हे असं कणखर काहीतरी आहे हे मला कधी दिसलं नव्हतं. लोखंड मी असेन मित्रांनो, पण त्या दुपारी त्या खोलीत माझ्याहून घट्ट एकच होतं.

अँब्युलन्स आली. काकू तेलाची बाटली आणि डबा पोटाशी धरून चढल्या. शिंपीभाऊजींनी दुकानाला कुलूप लावलं. मी ओट्यावरच राहिले. माझ्या पोटातले निखारे हळूहळू राख झाले. भर दिवसा, कामाच्या वेळी मी थंड पडले, असं कधी झालं नव्हतं. समोरच्या रस्त्यावरून शाळेची मुलं आली, बंद दार पाहून उभी राहिली. त्यांच्यातल्या सगळ्यात लहान मुलीने दाराकडे तोंड करून हळूच फुर्र केलं आणि वाट पाहिली.

संध्याकाळी बँड वाजला. लांबून ऐकू आला. सगळे म्हणे चुरगळलेले कोट घालून वाजवत होते.

पुढचं मला भाऊजींच्या आणि क्लॅरिनेटवाल्याच्या बोलण्यातून कळलं. दवाखान्यात काकांना ऑक्सिजन लावला. डॉक्टर रात्रभर लक्ष ठेवून होते. एक झटकाही येऊन गेला, पण तोवर ते योग्य हातांत होते. डॉक्टरांनी काकूंना विचारलं, उलटी कोणी काढली नाही ना? नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "मग तुम्हीच अर्धा उपचार केलात. हे तेल फुप्फुसात उतरलं असतं तर ह्यांचा श्वास पुन्हा पहिल्यासारखा झाला असता की नाही, सांगता आलं नसतं."

काही दिवसांनी काका परत आले. बारीक झालेले, पण स्वतःच्या पायांवर. मला वाटलं, आता तरी काकू म्हणतील, सांगितलं होतं ना मी. बोलायचा पूर्ण हक्क होता त्यांना. त्या आल्या, त्यांनी चूल पेटवली आणि म्हणाल्या, "बसा. खळ शिजेपर्यंत कामाला हात लावायचा नाही." बस्स. ते वाक्य त्यांनी आजतागायत उच्चारलेलं नाही. बटण तुटलं तरी नाही.

नंतर दुकानात बदल झाले. निलगिरीचं तेल आता त्याच्या स्वतःच्या डब्यात, वरच्या फळीवर, कुलपात असतं. डब्याला नवा कागद आहे आणि भिंतीवरचा जुनाही तसाच आहे. त्यावरचा नंबर शिंपीभाऊजींनी त्यांच्या दुकानातही लिहून लावलाय, टेपने मापून अगदी सरळ. फवाऱ्याची बाटली आली. विजेची इस्त्री आली. दिसायला नाजूक, वजनाला हलकी, पोटात निखारा नाही. आणि मला दाराशी बसवलं. पहिले काही महिने मी फार कुढले. धूळ बसली, मांजर येऊन अंगावर झोपायला लागलं, माझ्या कोंबड्याला कोणी हात लावेना. पण मग मलाच वाटलं, त्या दिवशी मी शेजारी धगधगत होते म्हणूनच काकांना तोंड मिटून घ्यावं लागलं. नको मला आता ते निखारे.

मित्रांनो, मी काही शिकलेली नाही, पण डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. वासाची, औषधाची, सफाईची तेलं खाण्यापिण्याच्या बाटलीत कधीच ओतू नका. कोणाच्या पोटात गेलंच, तर उलटी काढायला धावू नका, मीठ-पाणी नको, दूध नको. मोठ्या माणसांना हाक मारा, लगेच फोन करा आणि फोनवरचं माणूस सांगेल ते ऐका. बरं वाटतंय म्हणून घरी बसू नका. आणि घरात कोणी सतत काहीतरी सांगत असेल, तर त्यातलं एखादं तरी ऐका. भिंतीवर कागद चिकटवणारी माणसं सगळ्यांनाच मिळत नाहीत.

एक गोष्ट सांगायची राहिली. काका बरे झाले, पण त्यांचा फुर्र गेला होता. मुलं आली की ते हसून फवाऱ्याची बाटली दाखवायचे. एकदा त्या लहान मुलीने हट्टच धरला. काकांनी पेल्यात पाणी घेतलं, ओठांपर्यंत नेलं, त्याचा वास घेतला, पुन्हा एकदा घेतला. पेला तसाच खाली आला. श्वास डॉक्टरांनी वाचवला होता, पण भीती तशीच राहिली होती.

काकू चुलीपाशून आल्या. हात पुसले. पेला उचलला, त्यातला एक घोट स्वतः घेतला, सावकाश गिळला आणि पेला काकांच्या हातात दिला.

"पाणीच आहे," त्या म्हणाल्या. "घ्या."

काकांनी घोट घेतला. गाल फुगवले. दारातून उन्हात असा फवारा सुटला की पोरं किंचाळत नाचायला लागली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी असंच चालतं. आधी काकूंचा घोट, मग काकांचा, मग फुर्र. ते धुकं माझ्याही अंगावर येऊन बसतं. पूर्वी चर्र व्हायचं, आता होत नाही. मुलं घरी गेली की काकू फडकं घेऊन खाली बसतात आणि मला कोंबड्यापासून तळापर्यंत कोरडं पुसतात. गंज चढू नये म्हणून.